त्रिवेणीचे अडकलेले पैसे

पूर्णेच्या बाजारात माल दिला की पैसे हातात पडतात, फार तर पुढच्या बाजाराला. त्रिवेणी किराणा दुकानदाराची बायको, तिला हे वेगळं सांगायला नको होतं. तिनं मोबाईलवर एका कंपनीच्या ॲपवरून विक्री सुरू केली तेव्हा गल्लीतल्या बायकांनीही हाच हिशेब धरला. बायका लिंगायतांनी इष्टलिंग गळ्यात बांधायचे सुती दोरे वळायच्या. त्रिवेणी फोटो टाकायची, पाकिटं भरायची. सगळ्यांत बारीक पिळाचा आणि महाग दोरा एकट्या भागम्माचा. त्रिवेणी सून म्हणून आली तेव्हापासून भागम्मा तिची मावशी, बाळंतपणात डोक्याला तेल घालणारी आणि तिच्यासाठी सासूशी भांडणारी.

सोलापूर, लातूर, बिदरला दोरे पोचले. पैसे मात्र आले नाहीत.

"गिऱ्हाइकानं पैसे कंपनीला दिलेत, मावशी," त्रिवेणी म्हणाली. "माल परत करायची मुदत संपल्याबिगर कंपनी सोडत न्हाई. त्यात आपण नवे. नव्याचे जरा जास्तच रोखून धरतेत."

"माल आमचा, पैसा कंपनीच्या घरात, अन् भरवसा बी आमीच ठिवायचा?" भागम्मा हसली. "लय शहाना सावकार गाठलास की गं."

त्याच सुमारास त्रिवेणीच्या नवऱ्यानं दुकानात हप्त्यावर फ्रीज आणला. गल्लीला फ्रीज दिसला, हप्ते दिसले नाहीत. त्रिवेणी नळावर आली की बोलणं थांबू लागलं. शेजारच्या सरजाबाईनं तर तोंडावरच विचारलं, "कंपनीच्या पैशाचा फ्रीज लय गार करतोय म्हनं?"

त्रिवेणीनं मोबाईल पुढं केला. रक्कम दिसत होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'रोखून ठेवली आहे'.

"दिसायलेत म्हंजे हायेत की!"

"गप गं सरजे," भागम्मा मध्ये पडली. "पोटच्या लेकीसारखी हाय ती."

मुदत संपत आली तेव्हा एक पाकीट परत आलं. मग आणखी दोन, त्याच गिऱ्हाइकाची. कारण दिलं होतं, 'दर्जा खराब'. पाठोपाठ कंपनीचा निरोप आला: परत आलेला माल प्रमाणाबाहेर आहे, खात्याची तपासणी होईल, तोवर सगळ्याच ऑर्डरींचे पैसे थांबतील. त्रिवेणीनं पाकिटावरचा पत्ता या वेळी नीट वाचला. शिवकांत, पिंगळी स्टेशनजवळ. भागम्माचा जावई. तिन्ही पाकिटांत भागम्माचेच दोरे होते.

ती पाकिटं घेऊन तडक भागम्माच्या दारात गेली.

"मावशी, तुमच्या जावयाला तुमचाच दोरा खराब निघाला व्हय?"

भागम्माचे पीळ देणारे हात थांबले नाहीत. "बघायचं होतं गं. गिऱ्हाइकानं दिलेले पैसे कंपनीत खरंच अडकून पडतेत का, ते. शिवकांतनं माझ्या सांगण्यानं माल मागवून परत केला, तर त्याचे त्याला चट मिळाले. मग आमचेच कसे अडकतेत?"

"मला इचारायचं की."

"तू हेच सांगितलं असतंस."

"अन् नळावर लेक म्हनलात ते?"

"चारचौघीत म्हनावं लागतं, बाई."

तपासणी पुरा महिनाभर चालली. सरजाबाईनं तेवढ्या काळात त्रिवेणीच्या दुकानातून साखर नेणं बंद केलं. शेवटी पैसे आले. परत आलेल्या तीन पाकिटांच्या वाहतुकीचा खर्च कंपनीनं कापला होता. त्रिवेणीनं तो आपल्या पदरचा घातला आणि प्रत्येकीला तिचे पुरते पैसे घरी नेऊन दिले. भागम्मालाही. सरजाबाई त्याच संध्याकाळी साखरेला आली.

दुसऱ्या दिवशी बायका नवे दोरे घेऊन आल्या. भागम्माही आली, काही झालंच नाही अशी. त्रिवेणीनं बाकी सगळ्यांच्या पिशव्या घेतल्या, तिची घेतली नाही.

"का गं?"

"माल खराब हाय, मावशी. तुमच्या घरनंच कळवलंय तसं."

भागम्मा पिशवी उचलून निघून गेली. त्रिवेणीनं पुढचं पाकीट भरायला घेतलं. त्यातल्या दोऱ्याचा पीळ भागम्माच्या दोऱ्यापुढं ढिला होता. तिनं तो दोनदा ओढून पाहिला आणि पाकीट चिकटवलं.