बारा पिंजरे आणि वहिनीची दोन बोटं

माझी वहिनी प्रयोगशाळेच्या प्राणीघरात बावीस वर्षं आहे आणि मशीनपेक्षा तिच्या बोटांवर माझा जास्त विश्वास आहे. मी तिथंच पिंजरे धुते. हे घरचं कौतुक समजू नका, घरात आमचं फारसं पटतही नाही. पण खरं ते खरं.

तिचं काम ऐकायला सोपं. पांढऱ्या उंदराच्या पोटात डॉक्टर हॅमस्टर नावाच्या दुसऱ्या छोट्या प्राण्याचं हृदय जोडतात. उंदराचं स्वतःचं हृदय छातीत असतंच, हे जास्तीचं. रोज सकाळी, दाणा घालायच्या आधी, वहिनी उंदराच्या पोटावर दोन बोटं टेकवते, डोळे मिटते आणि पाहुणं हृदय चालतंय की थांबलं ते वहीत लिहिते.

परक्या जातीचं हृदय शरीर सहसा ठेवून घेत नाही. आमच्या नव्या डॉक्टरांचं म्हणणं, शरीराचा विरोध दाबणारी औषधं तर हवीतच, पण त्या हृदयातलाच एक राखणदार जीन जागा झाला तरच ते टिकतं. म्हणून बारांपैकी सहा उंदरांना मोठ्या साहेबांनी तो जीन बंद पाडायचं औषध दिलं होतं. कोणत्या सहांना, ती यादी साहेबांच्या कपाटात, बंद पाकिटात. तेवढी सहाच हृदयं थांबली तर डॉक्टर खरे. त्यांची दोन वर्षांची मेहनत त्यावर टांगलेली.

नेमकी त्याच आठवड्यात वहिनीची लेक बाळंत झाली. वहिनी चार दिवस रजेवर गेली आणि उंदीर डॉक्टरांनी स्वतः तपासले. ती परत आली तेव्हा ते डोकं धरून बसले होते.

“मावशी, बाराच्या बारा चालू आहेत. माझा जीन काही कामाचा नाही. दुपारी सगळं आवरून टाकू.”

आवरायचं म्हणजे उंदरांना कायमचं झोपवायचं.

वहिनीनं वही उघडली. नुसत्या बरोबरच्या खुणा.

“ठोके किती पडले?”

“काहींचे भरभर, मोजताच येईनात. काही मंदावलेत. नव्वदच्या आसपास.”

“कसं बघितलंत ते दाखवा.”

डॉक्टरांनी एक उंदीर मुठीत धरला आणि पोटावर अंगठा दाबला.

“इथंच माशी शिंकली,” वहिनी म्हणाली. “अंगठ्याला स्वतःची नाडी असते. उंदराच्या पोटातलं हृदय मिनिटाला तीनशेच्या वर उडतं. नव्वद मोजलेत, ते तुमचेच.”

मी बादलीकडे तोंड फिरवून हसले.

डॉक्टर चिडले. “मी सर्जन आहे, मावशी.”

“आहातच की. पण अंगठ्याला ते कुठं माहीत?”

“आणि तुम्ही चुकलात तर?”

“तर उद्यापासून वन्संबरोबर पिंजरे धुवीन.”

मला कुणी विचारलं नाही, पण ते असो. तिनं एकेक उंदीर घेतला, डोळे मिटले, कुठेच घाई केली नाही. शेवटी थांबलेल्यांचे सहा आकडे लिहून वही साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी पाकीट फोडलं. सहाच्या सहा जुळले. उरलेल्या सहांना त्यांच्या राखणदारानं तारलं होतं.

डॉक्टरांनी मनगट पुढे केलं. “माझंही बघा.”

वहिनीनं दोन बोटं टेकवली. “आज एकशेवीस. जीव भांड्यात पडला की उतरेल.”

मग ती दाणा घालायला गेली. उंदीर सकाळपासून उपाशी होते.