ठशाला गेलेला तडा

आचऱ्याच्या देवळाबाहेर एका नारळवाल्याचं दुकान आहे. बसची वाट पाहत मी तिथेच बसतो. गिऱ्हाइकाने दिलेलं नाणं तो आधी उजेडात तिरकं धरतो आणि मगच गल्ल्यात टाकतो. एकदा मी पुसट झालेला रुपया कौतुकाने दाखवला, तर त्याने लगेच परत दिला.

"हो रुपयो खिशात झिजलो. टाकसाळीची चूक न्हय."

त्याला हवी असते ती ठशाची चूक. ठशाला तडा गेला की त्याखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर बारीक रेघ उठते, आणि तडा वाढेल तशी रेघही लांबते. सिंहाच्या जबड्यापासून निघालेल्या अशा रेघेचे तीन रुपये त्याच्या डबीत होते. चौथ्यावर रेघ थेट काठाला टेकली होती. तो मिळाला त्या दिवशी त्याने मला चहा पाजला.

आषाढात एक बाई देवाला गाऱ्हाणं घालायला आली. तिचा नवरा गोव्याला इस्पितळात होता. विड्यावर ठेवायला तिच्याकडे नाणं नव्हतं आणि नारळवाल्याचा गल्लाही नाण्यांपुरता रिकामा होता. त्याने डबी उघडली आणि हाताला लागला तो रुपया न बघताच दिला. तो चौथा होता.

पुढच्या आठवड्यात गुरव देवापुढची नाणी देऊन नोटा न्यायला आला. नेहमीचाच व्यवहार. एकेक नाणं तिरकं धरताना नारळवाल्याला तो चौथा रुपया सापडला. रेघेवरून त्याने अंगठा फिरवला आणि रुपया गुरवाच्या हातात परत ठेवला.

"हो रुपयो देवाकडेच ठेव रे. तिचो घोव अजून घराक येवक नाय."