निरीक्षकाने आभाळ पाहू नये

नखवाले काका माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या गाडीच्या टायरकडे पाहत. कोणी दुचाकीवरून त्यांच्या चौबे कॉलनीतल्या घरी गेले, तर ते फाटकातच वाकून मागच्या टायरमध्ये उजव्या अंगठ्याचे नख रुतवत आणि मगच "या" म्हणत. रबर कडक निघाले की त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटे येत नसत. माझ्या स्कूटरमुळे मी कित्येक वर्षे नुसताच चहा प्यायलो.

त्यांचे सगळे आयुष्य रेल्वेत डब्यांची चाके तपासण्यात गेले होते. मूळचे वर्धेकडचे, नोकरीने रायपूरला आणले आणि रायपूरने ठेवून घेतले. निवृत्तीनंतर आमच्या हौशी मोटरसायकल शर्यतींच्या क्लबाने त्यांना टायर-निरीक्षक केले. मी त्याच क्लबाचा चिटणीस. व्यवसायाने ग्रंथपाल, मोटरसायकल चालवता येत नाही. म्हणूनच मला लिहायला बसवले होते. क्लबात बाकी सगळ्यांना फक्त चालवता येत असे.

आमच्या शर्यतींना टायरचा एकच मोठा नियम होता. कोरड्या शर्यतीत गुळगुळीत, बिनखाचेचे टायर चालत. त्यांना स्लिक म्हणतात. शर्यत 'ओली' जाहीर झाली की स्लिक बाद. मग खाचांचे टायर हवेत, तेही कारखान्यातून खाचा घेऊन आलेले, आणि ते बसवायला सर्वांना वीस मिनिटे मिळत. एकदा एका बहाद्दराने स्लिकवरच तापल्या सुरीने खाचा पाडून आणल्या. काकांनी खिशातली पितळी मोजपट्टी एका खाचेत घातली, दुसरीत घातली, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

"काहून बे, टायरवर रांगोळी काढून राहिला काय?"

"काका, ग्रिप के लिए..."

"घरी ने अन् दारात ठेव. दिवाळीले कामी येईन."

या कडकपणाचा त्यांना एकदा फार त्रास झाला. तेव्हा शर्यत ओली की कोरडी हे निरीक्षकच ठरवत असे. एका सप्टेंबरमध्ये ढग पाहून काकांनी सर्वांना खाचांचे टायर घालायला लावले आणि पाऊस आलाच नाही. पावसाळी टायर मऊ असतो. कोरड्या तापलेल्या डांबरावर तो खोडरबरासारखा झिजतो. अर्धे गडी शर्यत न संपवताच परतले. त्यात अध्यक्षांचा पुतण्याही होता. "काकांनी आपली माणसं जिंकवायला आभाळ पाहिलं," असे कोणीतरी बोलले. काकांची माणसे कोण, हे कोणालाच सांगता येईना. पण आरोपाला पुराव्याची गरज लागते असे आमच्या क्लबात कोणी मानत नसे.

काका आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग मला घरी बोलावले आणि वहीचे एक पान पुढे केले. त्यावर त्यांच्या रेल्वेच्या गोल अक्षरात लिहिले होते: 'निरीक्षकाने टायर पाहावे. निरीक्षकाने आभाळ पाहू नये. शर्यत ओली की कोरडी, हे फक्त अध्यक्ष जाहीर करतील.'

"कसं आहे वाक्य?" त्यांनी विचारले.

आयुष्यभर पुस्तकांत राहूनही मला असे वाक्य लिहिता आले नव्हते. तसे मी सांगितले. त्या दिवशी मला बिस्किटे मिळाली. पुढच्या बैठकीत नियम एकमताने मंजूर झाला. इतक्या आनंदाने मंजूर झाला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आमचे अध्यक्ष मोठे व्यापारी. दमट सप्टेंबरातही क्लबाचे बोधचिन्ह लावलेला कोट घालत. शर्यतीपेक्षा शर्यतीच्या उद्घाटनावर त्यांचे अधिक प्रेम होते. दोन वर्षांनी त्यांनी झेंडा दाखवायला एक बडे पाहुणे बोलावले. पाहुणे तासभर उशिरा आले, आणि आल्या आल्या म्हणाले की त्यांना लगेच सदर बाजारात एका सराफाच्या दुकानाची फीत कापायची आहे. तोवर खारून नदीच्या बाजूने आभाळ काळे झाले होते. सकाळ कोरडी असल्यामुळे सगळे स्लिक घालून उभे होते.

श्वेता रांगेत तिसरी होती. जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारी, आमच्यातली सर्वांत नेमकी चालवणारी. मराठी घरातली, पण उत्तर हिंदीतच द्यायची. काका तिच्या टायरवर नख दाबत होते.

"अंकल, बारिश होगी क्या?"

"मले नको विचारू पोरी. मी आभाळ पाहत नाही," ते खाली मान घालूनच म्हणाले. ती हसली. मीही हसलो.

मग त्यांच्या हाताच्या पाठीवर थेंब पडला. दुसरा पडला. ते उठले आणि झपझप मांडवाकडे गेले, मी मागोमाग.

"साहेब, ओली जाहीर करा."

अध्यक्षांच्या गळ्यात हार होता, त्यामुळे त्यांना मान नीट वळवता येत नव्हती. "काका, बीस मिनट जाएँगे. साहब को निकलना है."

"पोरं पडतील."

"नियम तो आप ही ने लिखा है न? आप टायर देखिए. ऊपर का हम देख लेंगे."

काका माझ्याकडे वळले. "चिटणीस, तू सांग ना काही. तू शिकलेला माणूस आहेस."

मी म्हणालो, "काका, कागदावर तसंच आहे."

एवढेच म्हणालो. ते परत गेले आणि तपासणीच्या राहिलेल्या कार्डांवर 'टायर योग्य' लिहून सह्या केल्या. नियमाप्रमाणे टायर योग्यच होते. स्वतःहून टायर बदलायला जो गेला असता, त्याच्यासाठी झेंडा थांबणार नव्हता. दुसऱ्या फेरीत, पाण्याने चमकणाऱ्या वळणावर, श्वेता पडली. पाहुणे तोवर गेले होते.

तिच्या उजव्या मनगटात सळी घातली. हात वाचला, पण मनगट पूर्वीसारखे वळेना. गाडीची मूठ पिळायला तेच वळावे लागते. काका तिला भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, अंगठा मुठीत झाकून. तिनेच त्यांची समजूत घातली.

"अंकल, आप क्यों परेशान होते हो? आपने तो टायर सही चेक किया था."

"हव," काका म्हणाले. "टायर सहीच होता."

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या स्कूटरच्या टायरकडे पाहिलेदेखील नाही.

त्यानंतर दर बैठकीत ते स्वतःचाच नियम बदलण्याचा अर्ज देत आणि दर बैठकीत मी 'पुढील बैठकीत विचार व्हावा' असे लिहीत. तेव्हा त्यांनी त्यांच्या हाती उरलेला एकच उपाय केला. ते सावकाश झाले. तपासणीला किती वेळ लागावा हे नियमात नव्हते. ढग दिसू लागले की काका चष्मा पुसत, पुन्हा पुसत, आणि टायरवर वीत-वीत अंतरावर नख दाबत पूर्ण फेरा घेत. मग मोजपट्टी. मग पुन्हा नख. पोरे चिडत. "काका, टायर आहे, नाडी नाही!" कोणीतरी ओरडे. एकदा हा उपाय फळला. सहाव्या गाडीपर्यंत ते पोचले आणि पाऊस असा कोसळला की अध्यक्षांना कोटासकट ओले होऊन 'ओली' जाहीर करावे लागले. काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मी आभाळ नाही पाहिलं हं. टायरच पाहून राहिलो होतो."

त्यांना इतके खूश मी परत पाहिले नाही. पुढच्याच बैठकीत ठराव झाला: 'प्रत्येक वाहनाची तपासणी तीन मिनिटांत पूर्ण करावी.' तोही मीच लिहिला. काकांनी तो दोनदा वाचला. "वाक्य काही जमलं नाही तुले," ते म्हणाले. "माझं बरं होतं."

काकू गेल्यावर मुलाने त्यांना नागपूरला नेले. स्टेशनवर मी निरोपाला गेलो तेव्हा ते गाडीत चढायच्या आधी वाकून चाकांकडे पाहत होते. मोजपट्टी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "आता निरीक्षक तूच. दुसरं कोण बसणार आहे?" खरेच दुसरे कोणी बसले नाही. ज्याला गाडी चालवता येत नाही तो आता टायर तपासतो.

या वर्षी तेच झाले. ढग, हार, घाईतले पाहुणे. वळणावर श्वेता डाव्या हातात धोक्याचा पिवळा झेंडा घेऊन उभी होती. ती आता तेवढे काम करते. मी नख दाबत असताना टायरवर थेंब पडू लागले. आभाळ मी पाहायचे नव्हते, पण टायर माझा होता. म्हणून मी प्रत्येक कार्डावर लिहिले: 'टायर योग्य. टायर ओला.' कार्डे अध्यक्षांना नेऊन दिली. त्यांनी वरचे एक वाचले.

"योग्य लिखा है न?"

"हो."

"तो फिर ठीक है."

पाहुण्यांनी झेंडा दाखवला. मी वळणाकडे पाठ करून उभा राहिलो.

संध्याकाळी नागपूरहून फोन आला. शर्यतीच्या दिवशी तो येतोच. कोण जिंकले हे काका कधी विचारत नाहीत.

"टायर ओले होते काय रे?"

"हो काका. कार्डावर लिहून दिलं मी."

"अन् तरी सोडले?"

"सोडले."

"कोणी पडलं?"

"नाही काका. सगळे धड आले."

मला वाटले, ते सुटकेचा श्वास टाकतील.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "पण आता ते कधीच आयकणार नाहीत रे."