आधी खिडकी

आमच्या नर्सबाई कुणाच्याही घरात शिरल्या की चहा नको, पाणी नको, सरळ खिडकीकडे जायच्या. कडी काढायच्या, फळी ढकलायच्या आणि मग म्हणायच्या, "आधी खिडकी. आता बोला, काय व्हतंय?" तुमच्याही गावात असेल असं एखादं माणूस, पण आमच्या बाईंची सर त्याला नसणार, पैज लावतो.

नव्वदच्या दशकात त्या महाळुंगे पडवळला आल्या आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहिल्या. जुन्नरकडच्याच, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच, फटकळ. धूर म्हणजे त्यांचा हाडवैरी. बायांना ओट्यावर बसवून सांगायच्या, "ओलं फाटं नीट जळत न्हाई, म्हणून धूर व्हतो. त्यातली काजळी छातीत बसती. वीटभट्टीच्या कोळशात गंधक असतो, त्याचा वायू घसा धरतो. ही सगळी सांगून येत्यात. जो सांगून येत न्हाई, त्याला भ्या."

तो कोण, हे आम्हाला आमच्याच घरात कळलं.

थंडीचे दिवस होते. बायकोचं दुसरं बाळंतपण, मुलगी झालेली. आईनं रीतीप्रमाणे बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, दार लावलं, खिडकीच्या फटीत गोणपाट कोंबलं. बाळंतिणीला वारं लागायला नको ना! बायकोचं डोकं ठणकू लागलं, मळमळायला लागलं. आई म्हणाली, "दिष्ट लागली," आणि शेगडीत आणखी कोळसे घातले.

दुपारी बाई बाळ बघायला आल्या. दार उघडून शेगडी आणि कोंबलेली खिडकी बघितली मात्र, आणि ओरडल्या, "भाऊ, बायकोला भाईर काढा आधी!" स्वतः लेकराला उचलून अंगणात पळाल्या. मागून आई, "अवो, वारं लागंल पोरीला!"

"लागू द्या! वारंच पायजे तिला!"

मी बायकोला धरून बाहेर आणलं. पोरगी चिंधीसारखी पडलेली. बाई तिचे तळवे चोळत होत्या, "रड गं बाय, रड." आणि मग पोरीनं असं भोकाड पसरलं म्हणून सांगू! तरी बाईंनी जीप बोलावून दोघींना दवाखान्यात नेलंच. माझी लेक आज आहे, ती बाईंमुळे.

दोघी सुखरूप घरी आल्यावर आईनं बाईंना विचारलं, "पर खोलीत धूर तर नव्हताच की वो?"

"नव्हताच. कोंडलेल्या खोलीत कोळशाला हवा पुरत न्हाई. तो अर्धवट जळतो आन् कार्बन मोनॉक्साइड तयार व्हतो. ना रंग, ना वास. माणूस झोपल्या जागी जातं."

आई हळूच म्हणाली, "माझा पयला लेक ह्याच खोलीत गेला. अशीच शेगडी व्हती."

बाई कुणाची भीड ठेवणाऱ्या नव्हत्या. पण त्या दिवशी त्यांनी आईचा हात हातात घेतला. "त्याचं येगळं व्हतं, मावशी. ताप आसंल. तुमच्यानं काय झालं न्हाई."

पुढे बाईंची बदली डिंभ्याकडे झाली. इकडे आईच गावातल्या बाळंतिणींच्या घरात शिरून खिडक्या उघडू लागली. "आधी खिडकी!" सुना तोंडाला पदर लावून हसायच्या.

काही वर्षांनी बाई गेल्याची बातमी आली. आई भिंतीला टेकून बसली.

"लई खरी बाई," ती म्हणाली. "जन्मात एकदाच खोटं बोलली आसंल, ते माझ्यापायी. मला तवाच कळलं व्हतं. पर तिला कळू दिलं न्हाई."