तहान आपली, पाणी आपलं

माझा थोरला भाऊ दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नसे. चहा नाही, ताक नाही, पाण्याचा घोट तर नाहीच. घाटंजीला तो शाळेत गुरुजी होता. उन्हाळा असो की हिवाळा, खांद्याला छागल, पाण्याची ओली कॅनव्हासची पिशवी, लटकवूनच वर्गात शिरायचा. पोरांनी त्याचं नावच पाडलं होतं, छागलवाले गुरुजी. हेडमास्तरांनी एकदा चिडून विचारलं, "आमच्या माठात काय विष आहे का हो?" दादा शांतपणे म्हणाला, "नाही जी. पण तहान आपली, तं पाणीबी आपलं."

लोकांना हा माज वाटायचा. वाटेना का मेला! दादा लहान असताना, मला कळायच्या आधी, गावच्या विहिरीवर चढायची आमच्या वस्तीला मनाई होती. खाली ओंजळ धरून उभं राहायचं, आणि कोणाला दया आली तर तो वरून धार सोडायचा. दादा आठ वर्षांचा असताना एकानं ती धार मुद्दाम त्याच्या डोळ्या-नाकावर सोडली. दादा गुदमरला आणि विहिरीवरचे सगळे खो खो हसले. त्या दिवशी त्यानं ओंजळ मिटली ती मिटलीच. पुढे आम्ही बौद्ध झालो, वस्तीनं स्वतःची विहीर खणली. शाळा सुटली की दादा कुदळ घेऊन खाली उतरायचा. पाणी लागलं तेव्हा तो चिखलात बसून रडला होता, हे मी पाहिलं आहे.

दादा भूगोल शिकवायचा, पण समुद्र त्यानं नकाशातच पाहिलेला. "न पाह्यलेलं शिकवनं म्हंजे थापा मारनं," असं तो म्हणे. पोरगी झाली, तिचं नाव सुजाता ठेवलं, आणि त्याच्या डोक्यात बसलं की मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटीनं सगळ्यांनी जायचं आणि त्याच बोटीनं परत यायचं. कामधाम काही नाही, नुसती मौज! वहिनी म्हणाली, "वर्षाचं लेकरू घेऊन पान्यावर कायले जाता? तिले काय समजते समुद्र?" दादा म्हणाला, "माह्या बापानं गावची शीव ओलांडली नाही. माही पोरगी पह्यल्याच वर्षी समुद्र पाहीन." लेकराला सांभाळायला म्हणून मला बरोबर घेतलं. मी सतरा वर्षांची होते आणि हरखून गेले होते.

यवतमाळहून छोट्या लाईनची गाडी, मग मोठी गाडी. वाटेत स्टेशनास्टेशनावर दादा उतरून छागल भरायचा. "नळ कोनाच्या बापाचा नसते, आपल्या हातानं उघडता येते," असं म्हणायचा. मुंबईच्या धक्क्यावरही त्यानं छागल गच्च भरली आणि सकाळी बोट सुटताच कठड्याला बांधली. गाडीत खिडकीबाहेर बांधतो तशीच, वाऱ्यानं पाणी गार व्हावं म्हणून. आम्ही वऱ्हाडातली माणसं, समुद्राचा वारा काय असतो हे आम्हाला कोण सांगणार? एक खलाशी जाता जाता हसला तेवढा.

तासाभरात वहिनीला बोट लागली. ती डेकवर घोंगडीवर आडवी झाली ती डोळे उघडेना. पोरीलाही उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. मी छागलीतून वाटीभर पाणी घेऊन चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. तिनं तोंड वेडंवाकडं करून थुंकून दिलं. चाखलं तर खारट! सकाळपासून लाटांचे तुषार उडून छागल मिठानं भरली होती, आणि पाणीही निम्मं झिरपून गेलं होतं.

बोटीवर नळ नव्हता. पाण्याच्या टाकीपाशी एक खलाशी लांब दांड्याचं ओगराळं घेऊन बसला होता. लोक जात, भांडं नाही तर ओंजळ धरत, आणि तो वरून धार सोडी. शेटजी असो की हमाल, सगळ्यांना तसंच. दादा लोटा घेऊन गेला आणि रिकामा लोटा घेऊन परत आला. "रांग आहे," म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा गेला, पुन्हा तसाच आला. त्याच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, "दादा, पोरीचे ओठ सुकून राह्यले." तो म्हणाला, "थांब न थोडं. बंदर येईनच आता." बंदर कुठलं यायला! सुजाता आधी रडत होती, मग कण्हत होती, मग तेही थांबलं.

त्या शांततेनं वहिनी जागी झाली. पोरीकडे पाहिलं, लोटा उचलला आणि कठड्याला धरत, वाटेत ओकत, टाकीपर्यंत गेली; दादा मागोमाग गेला. "लेकरू बिमार आहे जी," ती म्हणाली. खलाशानं लोटा काठोकाठ भरला आणि म्हणाला, "बाई, लेकरू आजारी आहे तर सांगायचं नाही का? हे तर दोनदा इथं येऊन नुसतेच उभे राहिले." वहिनीनं दादाकडे पाहिलंसुद्धा नाही. परत येऊन चमचा चमचा पाणी पोरीच्या तोंडात सोडलं. ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं.

दिवेलागणीला बंदर आलं आणि पडावातून, छोट्या होडीतून, आम्हाला किनाऱ्यावर उतरवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खूप धडपड केली. सकाळी सुजाता गेली. परक्या गावात, माडांच्या मागे, वाळूत तिला पुरलं.

घरी परतल्यावर माणसं भेटायला येत. कोणी म्हणे समुद्राची हवा बाधली, कोणी म्हणे दृष्ट लागली. दुसरा कोणी असता तर मान हलवून गप्प बसला असता. दादा प्रत्येकाला थांबवायचा. "हवा नाही न् दृष्ट नाही," म्हणायचा. "पोरगी तहानंनं मेली. पानी होतं. बाप मागाले गेला नाही." ऐकणारा खाली मान घालून उठून जाई. वहिनी आत भाकरी थापत असे, तिचा हात थांबत नसे. वर्षानुवर्षं तो हेच सांगत राहिला.

माझं लग्न ठरलं तेव्हाही पाहुण्यांसमोर त्यानं तेच सांगितलं. मला राग आला, आणि नंतर एकटा सापडल्यावर मी भांडलेच त्याच्याशी. म्हटलं, "काहून सांगतोस सगळ्याइले? ज्यानं तुह्या तोंडावर धार सोडली, त्याचं नाव काहून घेत नाही?" दादा म्हणाला, "त्याचं नाव घेतलं तं मी सुटतो न शांते. मले सुटाचं नाही."

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. आता विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून मीच सांगून टाकते. त्याला विहीर आठवत होती. मला तसलं काहीच आठवत नव्हतं. टाकी माझ्यापासून वीस पावलांवर होती आणि मी पोरीला मांडीवर घेऊन दादाच्या तोंडाकडे बघत बसले होते.