गावची शेरवानी

पेटीतल्या कापराचा वास आला की आमच्या निर्णा गावची शेरवानी आठवते. निजामीत कारकुनी हवी तर शेरवानी हवीच, आणि सगळ्या गावात ती एकच होती, शिंप्याकडं. मुलाखतीला जाणारा प्रत्येक जण तीच घालून जाई. माझ्या वेळी वडिलांनी, अप्पांनी, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि बजावलं, "खाली बघून बोल. तोंड चालवलास तर नोकरी जाईल." उर्दूतली उत्तरं घोकत मी कचेरीत पोचलो. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्याला म्हणाले, "ये शेरवानी को मैं पैचानतूं. हर बार अंदर का पोट्टा बदलता." सगळे खदखदून हसले. मी एकेक गुंडी सोडली, शेरवानी हातावर घेतली आणि नुसत्या सदऱ्यावर, मराठीत म्हणालो, "मग नोकरी हिलाच द्या, साहेब. मला विचारायचं असेल तर मी हा उभा आहे." साहेबांनी पुढच्याला आत बोलावलं. घरी अप्पा कडाडले, "आंगातली काढलास कामून?" मी म्हणालो, "ते तिलाच वळखायलते, अप्पा. मला न्हाई." अप्पांनी शेरवानीची घडी घातली आणि शिंप्याकडं परत नेली. नोकरी गेली ती गेलीच; पण गळ्याची गुंडी त्यानंतर मी कुणासमोर लावलेली नाही.