ईश्वरीचं दुसरं नाव

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, वहिनीजवळ तर नाहीच. अंबाबाईपुढे हात जोडले तेव्हासुद्धा भलतंच काही मागून परत आले. आज तुम्हाला सांगते.

ईश्वरी माझ्या भावाची मुलगी. बारशाला पाळण्यात वाकून, तिच्या कानात कुर्रर्र करून हे नाव मीच ठेवलं. आत्याचा मानच तो. वहिनी नोकरीला, म्हणून शाळा सुटली की रिक्षावाला तिला राजारामपुरीत माझ्या ब्लाऊज-पिकोच्या दुकानात सोडायचा. दप्तर कोपऱ्यात, की लगेच तोंडाची टकळी सुरू. मला मूलबाळ नाही. तिच्या यायच्या वेळेला माझी शिवण हमखास वाकडी जायची, कारण लक्ष सगळं दाराकडे.

ती सात वर्षांची असताना तिचे पुढचे दोन दात आले. इवलंसं तोंड, आणि हे एवढे दात! एक दिवस ती तोंडावर हात धरूनच आली. वर्गात पोरं तिला 'फावडी' म्हणत होती — फावड्यासारखे दात, म्हणून. "आत्ती, मी उद्यापासनं शाळेला जात न्हाई," एवढंच बोलली. मग अस्तराचा एक तुकडा घेतला आणि तो तोंडावर धरून बसून राहिली. हसणं बंदच झालं. खदाखदा हसणारी पोर ती!

मी काय करायचं बाकी ठेवलं? गिऱ्हाइकांच्या आरशापुढे तिला उभी केली, शेजारी मी, आणि दोघी दात विचकून हसलो. वाढत्या अंगाचा फ्रॉक आधी ढगळच दिसतो, तसे तुझे दात, तोंड येईल मागून, असं समजावलं. उत्तरही शिकवलं — "व्हय, हाय फावडं! तुझं डोस्कं उकरू काय?" पंधरा दिवसांत तिचा हात खाली आला. वहिनीला इतकं बरं वाटलं की तिनं मला साडी घेतली. मी ती नेसलेसुद्धा.

आणि एकदा आरशातूनच माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "आत्ती, हे नाव कुणी पाडलं आसंल गं?"

मला माहीत होतं की. ती तोंडावर हात धरून आली, त्याच्या आदला शनिवार होता, दुकानात चार बायका. ईश्वरी पाण्याची बाटली भरायला गेली होती. आम्हा कोल्हापूरकरांना नाव पाडल्याशिवाय माया करता येत नाही, असं म्हणता येईल — पण ते खोटं. मला फक्त त्या बायकांना हसवायचं होतं. "आमची फावडी आली की दुकान उकरून काढती बघा," मी म्हणाले. मी! सगळ्या हसल्या. आईचं बोट धरून उभी असलेली सानिकाही हसली. ईश्वरीच्याच वर्गातली, तिची जिवाभावाची मैत्रीण.

"आसंल कुणीतरी रिकामटेकडं," मी ईश्वरीला सांगितलं.

"सानिकाच. तीच पयल्यांदा म्हणाली."

मी सुईत दोरा ओवत राहिले. त्या दोघी मैत्रिणी एका डब्यात जेवायच्या. त्या दिवसापासून डबे वेगळे झाले, ते झालेच.

आता ईश्वरी तेरा वर्षांची आहे. दात तोंडात छान बसलेत. परवा दुकानात एका गिऱ्हाइकाची चिमुरडी रडत होती, चष्म्यावरून पोरं चिडवतात म्हणून. ईश्वरीनं तिला आरशापुढे उभं केलं, दात विचकून हसवलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मलाबी सगळी चिडवायची. ह्यी एकटी आमची आत्ती सोडून."

मी मान वर केली नाही. पिको चालूच ठेवलं.

सानिका नव्हती गं ती, ईश्वरी. मी होते.